निकालापलीकडचा झिको

२० डिसेंबर २०१५. मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या दुसऱ्या मोसमाचा अंतिम सामना अगदी अखेरच्या टप्प्यात आला होता. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री-किकवर गोल केला आणि एफसी गोवा संघाने चेन्नईयिनविरुद्ध २-१ अशी आघाडी घेतली. मैदान घरचे, प्रेक्षक घरचे आणि विजेतेपद अवघ्या तीन मिनिटांच्या अंतरावर. पण नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या हातून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि भरपाई वेळेत स्टीव्हन मेंडोझाने चेन्नईयिनचा तिसरा गोल केला. जल्लोषाच्या तयारीत असलेले फातोर्डा सुन्न झाले.

गोव्याच्या या संघाचा प्रशिक्षक होता ब्राझीलचा झिको. वय वर्षे बासष्ट. विजय हातातोंडाशी यावा आणि निसटावा, हे त्याच्या बाबतीत प्रथमच घडत नव्हते. नऊ वर्षांपूर्वी जर्मनीतील कैसरस्लाउटर्न येथे जपानचा प्रशिक्षक म्हणून त्याने हेच पाहिले होते आणि तेहतीस वर्षांपूर्वी बार्सिलोनात, खेळाडू म्हणून, तो याहून मोठ्या पराभवाचा धनी झाला होता. फुटबॉलच्या इतिहासात श्रेष्ठ खेळाडूंच्या पंक्तीत ज्याचे पान हमखास मांडले जाते, त्या झिकोच्या नावापुढे विश्वचषक नाही. खेळाडू म्हणून नाही आणि प्रशिक्षक म्हणूनही नाही. तरीही जपानमधील एका औद्योगिक गावात त्याचा पुतळा उभा आहे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हाच झिकोच्या कारकिर्दीतील खरा प्रश्न आहे.

किंतिनोचा किडकिडीत पोर

झिकोचे पूर्ण नाव आर्थुर आंतुनेस कोइंब्रा. ३ मार्च १९५३ रोजी रिओ द जानिरोच्या किंतिनो या उपनगरात त्याचा जन्म झाला. वडील मूळचे पोर्तुगालचे. सहा भावंडांत आर्थुर सर्वांत धाकटा. थोरले भाऊ आंतुनेस आणि एदू हे दोघेही व्यावसायिक फुटबॉलपटू. त्यामुळे घरात चेंडू होता, चर्चा होती आणि स्पर्धाही होती. नव्हते ते फक्त शरीर. किशोरवयातील झिको इतका किडकिडीत होता, की फ्लामेंगो क्लबने त्याच्यासाठी खास आहार आणि व्यायामाचा कार्यक्रम आखला. या कार्यक्रमामुळे त्याच्या शरीराला बळकटी आली. ‘किंतिनोचा छोटा कोंबडा’ हे लाडाचे नाव मात्र कायमचे चिकटले.

१९७१ मध्ये तो फ्लामेंगोच्या मुख्य संघातून खेळू लागला आणि पुढे या क्लबच्या इतिहासातील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. रिओच्या विख्यात माराकाना स्टेडियमवर सर्वाधिक गोलही त्याच्याच नावावर आहेत. बचावपटूंच्या भिंतीवरून चेंडू वळवून गोलच्या कोपऱ्यात ठेवण्याची त्याची फ्री-किक ही प्रतिस्पर्धी गोलरक्षकांसाठी डोकेदुखी होती. परंतु तो केवळ गोल करणारा खेळाडू नव्हता. दहा क्रमांकाची जर्सी घालून मधल्या फळी आणि आघाडी यांच्यामध्ये वावरणारा, दुसऱ्यासाठी वाट मोकळी करून देणारा तो संघाचा मेंदू होता.

फ्लामेंगोने १९८०, १९८२ आणि १९८३ असे तीनदा ब्राझीलचे विजेतेपद मिळवले. १९८१ मध्ये चिलीच्या कोब्रेलोआला हरवून दक्षिण अमेरिकेतील सर्वोच्च क्लब स्पर्धा, कोपा लिबर्टाडोरेस, जिंकली. मोंतेव्हिदेओतील निर्णायक लढतीतील दोन्ही गोल झिकोचे होते. त्याच वर्षी १३ डिसेंबरला युरोपचा विजेता लिव्हरपूल आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता फ्लामेंगो आमनेसामने आले. फ्लामेंगोने ३-० असा सहज विजय मिळवला. झिकोने स्वतः गोल केला नाही, पण सामन्याची सूत्रे त्याच्याच पायात होती. ही लढत झाली टोकियोत. जपानी प्रेक्षकांनी झिकोला त्या दिवशी पाहिले आणि लक्षात ठेवले. पुढील कथेची बीजे तिथे पडली होती.

सारिया स्टेडियमवरची दुपार

विश्वचषकाने मात्र झिकोला सतत हुलकावणी दिली. १९७८ मध्ये अर्जेंटिनात स्वीडनविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना अखेरच्या क्षणी कॉर्नरवरून आलेला चेंडू झिकोने डोक्याने जाळ्यात धाडला; पण चेंडू हवेत असतानाच वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी सामना संपल्याची शिट्टी फुंकली होती. गोल नामंजूर झाला.

१९८२ चा ब्राझील संघ आजही जाणकारांच्या चर्चेत असतो. प्रशिक्षक टेले सान्ताना यांच्या त्या संघात सॉक्रेटिस, फाल्काओ, सेरेझो, ज्युनियर, एडर आणि झिको असे एकाहून एक कलावंत होते. सोव्हिएत संघ, स्कॉटलंड आणि न्यूझीलंड यांना हरवून हा संघ दुसऱ्या फेरीत आला. तिथे त्याने गतविजेत्या अर्जेंटिनाला ३-१ असे नमवले. झिकोने स्पर्धेत चार गोल केले. ५ जुलैला बार्सिलोनाच्या सारिया स्टेडियमवर इटलीशी गाठ पडली, तेव्हा उपांत्य फेरीसाठी ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती.

इटलीच्या क्लॉडिओ जेंटिलेने झिकोला सावलीसारखे चिकटून राहण्याचे काम इतक्या निष्ठेने पार पाडले, की झिकोची जर्सी फाटली. तरीही ब्राझीलच्या पहिल्या गोलसाठी सॉक्रेटिसला मिळालेला पास झिकोचाच होता. पाओलो रॉसीने इटलीला आघाडीवर न्यायचे आणि ब्राझीलने बरोबरी साधायची, असे दोनदा झाले. २-२ अशी बरोबरी झाल्यावर दुसरा कोणताही संघ बचावात उतरला असता. ब्राझील चढाया करीतच राहिला. रॉसीने तिसरा गोल केला आणि ब्राझील स्पर्धेबाहेर गेला.

या पराभवाने ब्राझीलमध्ये एका दीर्घ वादाला तोंड फुटले. सुंदर खेळून हरायचे, की सावध खेळून जिंकायचे? १९९४ मध्ये ब्राझीलने पुन्हा विश्वचषक जिंकला तो शिस्तबद्ध, काहीशा रूक्ष खेळाच्या बळावर. झिको मात्र या वादात कायम पहिल्या बाजूला राहिला. प्रशिक्षक झाल्यावरही त्याने ती बाजू सोडली नाही. त्याचे यश आणि अपयश, दोन्हींचे मूळ त्यातच आहे.

१९८३ मध्ये तो इटलीच्या उदिनेसे क्लबकडे गेला. हा व्यवहार इटलीच्या महासंघाने अडवून धरला, तेव्हा ‘झिको द्या, नाहीतर आम्ही ऑस्ट्रियात जातो’ अशा घोषणा देत उदिनेचे नागरिक रस्त्यावर उतरले होते. पहिल्याच मोसमात त्याने लीगमध्ये १९ गोल केले. मिशेल प्लॅटिनीपेक्षा अवघा एक कमी. १९८५ मध्ये तो फ्लामेंगोत परतला आणि काही आठवड्यांतच प्रतिस्पर्ध्याच्या एका आडदांड टॅकलने त्याचा गुडघा निकामी केला. १९८६ च्या विश्वचषकात तो पूर्ण तंदुरुस्त नव्हताच. फ्रान्सविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरताच त्याने दिलेल्या सुरेख पासमुळे ब्राझीलला पेनल्टी मिळाली. ती घेण्यासाठी झिकोच पुढे झाला आणि गोलरक्षक जोएल बात्सने चेंडू अडवला. नंतरच्या पेनल्टी शूटआऊटमध्ये झिकोने आपली पेनल्टी अचूक मारली, पण ब्राझील हरला. ज्याने फ्री-किकवर असंख्य गोल केले, त्याची ती एक हुकलेली पेनल्टीच जगाच्या स्मरणात राहिली.

पोलादाच्या गावात फुटबॉलची शाळा

१९९० मध्ये झिकोने खेळाचा निरोप घेतला. ब्राझीलच्या नव्या सरकारात त्याच्याकडे क्रीडा खाते आले. सुमारे वर्षभरात त्याने ते सोडले, परंतु खेळाडू आणि क्लब यांच्यातील संबंधांना नवे वळण देणारा १९९३ चा कायदा ‘झिको कायदा’ म्हणूनच ओळखला जातो.

१९९१ मध्ये त्याने घेतलेला निर्णय अनेकांना बुचकळ्यात टाकणारा होता. वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला, तेही जपानच्या दुसऱ्या श्रेणीतील सुमितोमो मेटल या कंपनीच्या संघातून. जपानमध्ये तोपर्यंत व्यावसायिक लीग नव्हती. बड्या कंपन्यांचे संघ असत आणि खेळाडू हे त्या कंपन्यांचे कर्मचारी. मुंबईत बँका, रेल्वे आणि कारखान्यांच्या संघांची जी परंपरा होती, तिच्याशी ही व्यवस्था बरीच मिळतीजुळती होती. टोकियोच्या ईशान्येला, प्रशांत महासागराच्या काठी वसलेल्या काशिमा या पोलादाच्या गावात हा संघ होता. प्रस्तावित ‘जे लीग’मध्ये एवढ्या लहान गावाला स्थान मिळणे अशक्यप्राय मानले जात होते. काशिमाने पंधरा हजार प्रेक्षकांचे छत असलेले स्टेडियम उभारण्याची तयारी दाखवली आणि झिकोसारखा खेळाडू आणला. संघाला लीगचे दार उघडले. नाव बदलून ‘काशिमा अँटलर्स’ झाले.

१९९३ च्या मे महिन्यात लीग सुरू झाली आणि पहिल्याच सामन्यात काशिमाने नागोया ग्रॅम्पस एटचा ५-० असा धुव्वा उडवला. चाळिशीतील झिकोने तीन गोल केले. जे लीगच्या इतिहासातील ती पहिली हॅट्ट्रिक. मोसमाचा पहिला टप्पा या छोट्या गावाने जिंकला.

झिकोचे खरे काम मात्र गोल करण्यापुरते नव्हते. कारखान्याची पाळी संपवून खेळायला येणाऱ्या मंडळींना व्यावसायिक खेळाडू म्हणजे काय, हे त्याला शिकवायचे होते. सरावाला किती गंभीरपणे घ्यायचे, साहित्याची निगा कशी राखायची, पराभवाचा राग का यायला हवा, हे सारे त्याने स्वतःच्या वागणुकीतून दाखवले. ‘समर्पण, प्रामाणिकपणा आणि आदर’ ही त्याची त्रिसूत्री क्लबचे ब्रीद बनली. हा गुरू निर्दोष होता असे नव्हे. जानेवारी १९९४ मध्ये विजेतेपदाच्या निर्णायक लढतीत, प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या पेनल्टीच्या रागाने, तो चेंडूवर थुंकला आणि त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. शिस्तप्रिय जपानला हा धक्काच होता. पण काशिमाने तेवढ्यावरून त्याला दूर लोटले नाही.

त्याच वर्षी त्याने खेळणे थांबवले, मात्र क्लबशी नाते कायम ठेवले. १९९६ मध्ये काशिमाने पहिले लीग विजेतेपद मिळवले आणि २०१६ पर्यंत ही संख्या आठवर नेली. मोठमोठ्या शहरांच्या संघांना मागे टाकून या पोलादाच्या गावाने जपानमधील सर्वांत यशस्वी क्लब घडवला. झिकोच्या पुतळ्याचा अर्थ इथे उलगडतो.

स्वातंत्र्याची किंमत

१९९८ च्या विश्वचषकात झिको ब्राझीलचे प्रशिक्षक मारिओ झगालो यांच्या सोबतीला समन्वयक म्हणून होता. ब्राझील अंतिम सामन्यात फ्रान्सकडून हरला. ब्राझीलचे प्रशिक्षकपद त्याच्याकडे कधीच आले नाही. आले ते जपानचे, २००२ मध्ये.

त्याच्याआधीचे फ्रेंच प्रशिक्षक फिलिप ट्रुसिए यांनी जपानला काटेकोर आखणी शिकवली होती. बचावफळीने कधी पुढे यायचे, कधी मागे हटायचे, हे सारे ठरलेले. झिकोने नेमकी उलटी वाट धरली. मैदानावर परिस्थिती पाहून खेळाडूने स्वतः निर्णय घ्यावा, हा त्याचा आग्रह होता. हिदेतोशी नाकाता, शुन्सुके नाकामुरा, शिंजी ओनो आणि जुनिची इनामोटो या चौघांना एकत्र खेळवण्याचा त्याचा मनोदय म्हणजे १९८२ च्या ब्राझीलची जपानी आवृत्तीच होती.

या धोरणाची गोड फळे २००४ च्या आशियाई चषकात दिसली. नाकाता, ओनो आणि इनामोटो नसताना जपानचा संघ चीनमध्ये गेला. प्रेक्षक उघडपणे विरोधात होते. जॉर्डनविरुद्ध पेनल्टी शूटआऊटमध्ये जपानचे पहिले दोन्ही खेळाडू घसरडी जमीन असलेल्या गोलसमोर चुकले. तेव्हा कर्णधार त्सुनेयासु मियामोटोने थेट पंचांकडे जाऊन गोलची बाजू बदलण्याची मागणी केली आणि ती मान्यही झाली. गोलरक्षक योशिकात्सु कावागुचीने पुढच्या पेनल्टी अडवल्या आणि जपान जिंकला. अडचणीच्या वेळी बाकाकडे न पाहता स्वतः विचार करणारा कर्णधार, यापेक्षा झिकोच्या शिकवणीचा चांगला पुरावा कोणता? बाहरीनला ४-३ आणि अंतिम सामन्यात यजमान चीनला ३-१ असे हरवून जपानने चषक राखला. त्याच वर्षी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारतानेही झिकोच्या जपानचा अनुभव घेतला. सैतामा येथे ७-० आणि कोलकात्यात ४-० अशा फरकाने भारत हरला.

पात्रता फेरी पार करून २००६ च्या विश्वचषकात स्थान मिळवणारा जपान हा पहिला संघ होता. पण १२ जून २००६ रोजी कैसरस्लाउटर्न येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध या स्वातंत्र्याची दुसरी बाजू उघडी पडली. नाकामुराच्या गोलमुळे ८३व्या मिनिटापर्यंत आघाडीवर असलेल्या जपानने अखेरच्या काही मिनिटांत तीन गोल स्वीकारले. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक गुस हिडिंक यांनी एकामागून एक ताजे आघाडीवीर उतरवून दबाव वाढवला. दमलेल्या जपानला काय करावे हे सुचले नाही. आघाडी टिकवण्यासाठी लागणारी पूर्वनियोजित शिस्त त्यांच्यापाशी नव्हती. क्रोएशियाशी गोलशून्य बरोबरी झाली आणि शेवटच्या सामन्यात नियतीने झिकोसमोर ब्राझीललाच उभे केले. जपानने पहिला गोल केला, पण निकाल ब्राझीलच्या बाजूने ४-१ असा लागला. आवडत्या खेळाडूंवर अतिविश्वास आणि डावपेचांचा अभाव, अशी टीका झिकोवर झाली. ती सर्वस्वी चुकीची होती असे म्हणता येणार नाही.

इस्तंबूल ते बगदाद

त्यानंतर झिको तुर्कस्तानात फेनरबाचेचा प्रशिक्षक झाला. क्लबच्या शताब्दीच्या मोसमात, २००६-०७ मध्ये, त्याने लीग जिंकून दिली. पुढच्या वर्षी फेनरबाचेने प्रथमच चॅम्पियन्स लीगची उपान्त्यपूर्व फेरी गाठली आणि इस्तंबूलमध्ये चेल्सीला २-१ असे हरवले. लंडनमध्ये मात्र चेल्सीने २-० असा विजय मिळवून बाजी उलटवली. प्रशिक्षक झिकोच्या युरोपातील वाटचालीतील हा सर्वोच्च बिंदू. नंतर उझबेकिस्तानचा बुन्योदकोर, रशियाचा सीएसकेए मॉस्को, ग्रीसचा ऑलिंपियाकोस असा प्रवास झाला. काही चषक मिळाले, पण मुक्काम कुठेच लांबला नाही.

२०११ मध्ये त्याने इराकच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी घेतली. युद्धाने पोळलेल्या या देशाला घरच्या मैदानावर खेळण्यास फिफाने मनाई केली होती. इराकचे ‘घरचे’ सामने दोहा येथे होत. अशा परिस्थितीतही संघ २०१४ च्या विश्वचषक पात्रतेच्या अंतिम फेरीत पोहोचला. करारावरून संघटनेशी मतभेद झाल्याने नोव्हेंबर २०१२ मध्ये झिकोने राजीनामा दिला.

गोव्यातील तीन मोसम

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि झिको एफसी गोवाचा प्रशिक्षक म्हणून आला. डेम्पो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांच्या गोव्यात फुटबॉल शिकवण्याची गरज नव्हती. गावोगावच्या मैदानांवर तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. शिवाय ज्या भूमीत जुन्या पिढीला आजही पोर्तुगीज कळते, तिथे ब्राझीलचा माणूस फारसा परका नव्हता.

लीग मात्र अडीच-तीन महिन्यांची. काशिमासारखे वर्षानुवर्षे रुजवण्याचे काम इथे शक्य नव्हते. तरी पहिल्या वर्षी गोवा साखळीत दुसरा आला आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पेनल्टीवर हरला. दुसऱ्या वर्षी संघ साखळीत अव्वल ठरला. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याने मुंबई सिटीचा ७-० असा उडवलेला फडशा मुंबईकर विसरलेले नसतील. डुडू आणि थोंगखोसिएम हाओकिप या दोघांनी त्या सामन्यात हॅट्ट्रिक साधली. संघ आक्रमक होता, प्रेक्षणीय होता आणि अंतिम सामन्यात आघाडीवर असताना अखेरच्या मिनिटांत हरला. थेट झिकोच्या परंपरेला साजेसे. २०१६ मध्ये गोवा तळाला गेला. तेव्हाही शेवटच्या सामन्यात, ज्याला काही अर्थ उरला नव्हता, त्याने चेन्नईयिनवर ५-४ असा विजय मिळवला. एका सामन्यात नऊ गोल! जानेवारी २०१७ मध्ये दोघांचे मार्ग वेगळे झाले.

चषक मिळाला नाही. पण गोव्याचा रोमिओ फर्नांडिस पहिल्या मोसमानंतर ब्राझीलच्या अॅटलेटिको पारानाएन्से क्लबकडून खेळून आला. झिकोच्या संघात पहिल्या मोसमापासून असलेला मंदार राव देसाई पुढे भारताकडून खेळला. याचे सारे श्रेय एका प्रशिक्षकाला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरीही स्थानिक मुलांना मोठ्या सामन्यांत निर्भयपणे खेळू देणारा प्रशिक्षक त्यांना योग्य वेळी भेटला, एवढे निश्चित.

हिशेब कसा मांडायचा?

मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होतोच असे नाही. ज्याला चेंडू कुठे जाणार हे उपजतच कळते, त्याला ते न कळणाऱ्यांची अडचण समजणे कठीण जाते. झिकोची मर्यादा कदाचित हीच होती. खेळाडू शेवटच्या दहा मिनिटांतही योग्य तोच निर्णय घेतील, असे तो गृहीत धरत असे. बार्सिलोना, कैसरस्लाउटर्न आणि फातोर्डा या तीन ठिकाणी ते गृहीतक कोसळले. पहिल्या ठिकाणी तो स्वतः मैदानात होता, पुढच्या दोन ठिकाणी रेषेबाहेर उभा होता. पण खेळ तोच होता आणि शेवटही तोच.

परंतु निकालांच्या तक्त्यात न मावणारी एक बाजूही आहे. २०१८ मध्ये, पासष्टीत, झिको तांत्रिक संचालक म्हणून काशिमाला परतला आणि त्याच वर्षी काशिमाने इराणच्या पर्सेपोलिसला हरवून प्रथमच आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. त्या संघातील अनेकांचा जन्मही झाला नव्हता, तेव्हा १९९१ मध्ये एक थकल्या गुडघ्यांचा ब्राझिलियन त्या पोलादाच्या गावात उतरला होता. त्याने लावलेली शिस्त त्याच्या गैरहजेरीतही टिकून होती.

काशिमात झिकोला पुरेशी वर्षे मिळाली, तिथे त्याने संस्था उभी केली. गोव्यात दर मोसमात काही आठवडे मिळाले, तिथे आठवणी मागे राहिल्या. प्रशिक्षकाकडून दर वर्षी चषक मागणाऱ्या भारतीय क्लबांनी या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही.